विळ्यावरचा तांबूस थर आणि मल्टीमीटरवरचा आकडा

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) करताना जाणते बागायतदार एक गोष्ट चुकवत नाहीत. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना असा हिशेब. दोन्ही द्रावणं एकत्र झाली, आकाशी रंग आला, की घासून लख्ख केलेला विळा त्यात घडीभर बुडवायचा. पातं जसंच्या तसं निघालं तर पंप भरायचा. पात्यावर तांबूस थर दिसला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, ते कोवळ्या पानांना चटके देणार. मग, "चुना कमी पडला ना भाऊ, अजून टाका थोडा." मोरचूद लोखंडी ड्रममध्ये भिजवायचं नाही, प्लास्टिकचाच ड्रम घ्यायचा, हेही याच अनुभवातून आलेलं शहाणपण.

या चाचणीत रसायनशास्त्राचा एक फार मोठा धडा आहे. बारावीला इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकणाऱ्या आपल्या मुलांना तो सूत्रांच्या रूपात भेटतो, आणि विळा तिथे कुठेच नसतो. इलेक्ट्रोडचं, म्हणजे द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्टीचं, विभव म्हणजे काय, बॅटरीचे व्होल्ट कुठून येतात, आणि त्यांचा उष्णता-ऊर्जेच्या शास्त्राशी, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सशी, काय संबंध, हे सगळं त्या पात्यापासून सुरू करून नीट उलगडता येतं. मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. मल्टीमीटरवर दिसणारा व्होल्टचा आकडा हा त्या रासायनिक क्रियेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल याचं थेट माप आहे. ऊर्जेची इतकी खोल गोष्ट इतक्या साध्या उपकरणाने वाचता येते, याचं मला आजही मोल वाटतं.

पात्यावर काय घडतं ते आधी पाहू. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात विरघळलं की तांब्याचे आयन, म्हणजे भार असलेले अणू, सुटे होतात. प्रत्येकावर दोन धन भार, म्हणजे प्रत्येकाला दोन इलेक्ट्रॉन कमी. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतो. ते दोन इलेक्ट्रॉन तांब्याचा आयन घेतो आणि धातू होऊन पात्यावर बसतो. इलेक्ट्रॉन सोडणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. दोन्ही एकाच वेळी होतात, कारण सुटलेले इलेक्ट्रॉन पाण्यात मोकळे फिरत नाहीत, कोणीतरी ते लगेच घ्यावे लागतात.

मग प्रश्न येतो तो दिशेचा. लोखंड देतं आणि तांबं घेतं, असंच का? तांब्याची तार लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून ठेवली तर तिच्यावर लोखंड का चढत नाही? दोघंही धातू, दोघंही दोन-दोन इलेक्ट्रॉनांचा व्यवहार करणारे. तरीही व्यवहार एकाच बाजूने होतो.

दोन भांडी आणि एक तार

दिशेचं कारण मोजायचं असेल तर देणारा आणि घेणारा यांना वेगळं करायला हवं. एका भांड्यात जस्ताची पट्टी जस्ताच्या क्षाराच्या पाण्यात, दुसऱ्यात तांब्याची पट्टी मोरचुदाच्या पाण्यात. मध्ये भारांचा तोल राखण्यासाठी मिठाच्या द्रावणाने भिजवलेला पूल. आता जस्ताला इलेक्ट्रॉन द्यायचे असतील तर थेट तांब्याच्या आयनाला देता येत नाहीत, बाहेरच्या तारेतून पाठवावे लागतात. जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ मध्ये असा सेल बनवला. तारेच्या दोन टोकांना मीटर लावला की सुमारे १.१० व्होल्ट दिसतात. यातलं प्रत्येक भांडं म्हणजे अर्धा सेल.

एकट्या जस्ताच्या भांड्याचं विभव किती, असं विचारलं तर मात्र ते मोजता येत नाही. मीटरला दोन तारा असतात, दुसरी तार कुठेतरी बुडवावीच लागते, आणि ती जिथे बुडवाल तिथे दुसरा अर्धा सेल तयार होतो. मोजता येतो तो फरकच. हे उंचीसारखं आहे. चिखलदरा सुमारे ११०० मीटर आणि नागपूर सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे असं आपण म्हणतो, कारण समुद्रसपाटी शून्य धरायची असं ठरवलं आहे. शून्य दुसरीकडे धरलं असतं तर दोन्ही आकडे बदलले असते, पण दोहोंमधला आठशे मीटरचा चढ तसाच राहिला असता.

इलेक्ट्रोडच्या जगातली समुद्रसपाटी म्हणजे हायड्रोजनचा इलेक्ट्रोड: आम्लाच्या द्रावणात प्लॅटिनमचा पत्रा, आणि त्यावर एक बार दाबाने सोडलेला हायड्रोजन वायू. त्याचं विभव शून्य धरलं. मग प्रत्येक धातूचे आकडे त्याच्या तुलनेत लिहिले. तांबं अधिक ०.३४ व्होल्ट, चांदी अधिक ०.८०, लोखंड उणे ०.४४, जस्त उणे ०.७६, ॲल्युमिनियम उणे १.६६, लिथियम उणे ३.०४. आकडा जितका वर, तितकी इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ जास्त. जितका खाली, तितकी देण्याची तयारी जास्त. हे सगळे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आणि ठरावीक संहतीच्या (विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाच्या) द्रावणांचे, म्हणून त्यांना प्रमाण विभव म्हणतात. जुन्या अमेरिकी पुस्तकांत चिन्हं उलटी सापडतात. १९५३ च्या स्टॉकहोम परिषदेत क्षपणाचा आकडाच विभव म्हणून द्यायचा असा संकेत ठरला, आणि आता सगळीकडे तोच चालतो.

आता वजाबाकी करा. तांब्याचे ०.३४, त्यातून जस्ताचे उणे ०.७६ वजा केले की १.१० येतात. डॅनियलच्या सेलचा आकडा तो हाच. विळ्याचं उत्तरही असंच निघतं: ०.३४ वजा उणे ०.४४, म्हणजे ०.७८ व्होल्ट. फरक धन आला, तर क्रिया त्या दिशेने आपोआप होऊ शकते. ऋण आला, तर ती उलट दिशेने होईल.

घरातलंही एक उदाहरण या यादीत बसतं. तांबं हायड्रोजनच्या वर आहे, म्हणजे नुसत्या आम्लाने ते विरघळायला नको. तरीही कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट ताक किंवा कढी ठेवली की ती कळकते. ते काम हवेतल्या प्राणवायूचं. आम्लात प्राणवायूच्या क्षपणाचं प्रमाण विभव अधिक १.२३ व्होल्ट आहे, तांब्यापेक्षा पुष्कळ वर. इलेक्ट्रॉन घेणारा हायड्रोजन नव्हे, प्राणवायू असतो, आणि आम्ल त्याला मदत करतं. कल्हईचं कथील तांबं आणि ताक यांच्यामध्ये आडवं उभं राहतं.

व्होल्ट म्हणजे ऊर्जा कशी

एक व्होल्ट म्हणजे एक कूलोम भारामागे एक ज्यूल ऊर्जा. ही व्याख्या आपण पाठ करतो आणि पुढे जातो, पण सगळी गोम इथेच आहे. व्होल्ट हे ऊर्जेचं एकूण माप नाही, भारामागच्या ऊर्जेचं माप आहे. एकूण ऊर्जा काढायची तर किती भार वाहिला ते माहीत हवं. एक मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या) इलेक्ट्रॉनांचा भार ९६,४८५ कूलोम असतो. यालाच फॅराडे स्थिरांक म्हणतात.

डॅनियलच्या सेलमध्ये एक मोल, म्हणजे ६५.४ ग्रॅम जस्त विरघळलं की दोन मोल इलेक्ट्रॉन तारेतून जातात. दोन गुणिले ९६,४८५ गुणिले १.१० केले की सुमारे २,१२,००० ज्यूल येतात, म्हणजे २१२ किलोज्यूल. वॅट-तासांत ते सुमारे ५९ होतात: नऊ वॅटचा एलईडी दिवा साडेसहा तास चालेल इतकी वीज, पासष्ट ग्रॅम जस्तातून आणि तितक्याच आसपासच्या तांब्याच्या आयनांतून.

हा २१२ चा आकडा म्हणजे त्या क्रियेच्या गिब्ज मुक्त ऊर्जेतली घट. जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात ही कल्पना मांडली. तापमान आणि दाब कायम ठेवून एखाद्या क्रियेतून जास्तीत जास्त किती उपयोगी काम काढता येईल, ते मुक्त ऊर्जा सांगते. सूत्र शब्दांत असं: मुक्त ऊर्जेतली घट म्हणजे इलेक्ट्रॉनांचे मोल गुणिले फॅराडे स्थिरांक गुणिले सेलचे व्होल्ट. आपोआप होणाऱ्या क्रियेत मुक्त ऊर्जा घटते, म्हणून व्होल्ट धन येतात. दिशेचा प्रश्न आणि ऊर्जेचा प्रश्न इथे एक होतात.

आता तेच जस्त सेल न बनवता सरळ मोरचुदाच्या पाण्यात टाकलं तर? क्रिया तीच होईल, पण काम शून्य. प्रत्येक मोलमागे सुमारे २१९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडेल, आणि पाणी गरम होऊन गोष्ट संपेल. तारेतून नेलं तर त्यातले २१२ किलोज्यूल वीज म्हणून मिळू शकतात. उरलेल्या सहा-सात किलोज्यूलचं काय? ते कितीही चांगला सेल केला तरी उष्णता म्हणूनच जातात, कारण या क्रियेत एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली आहे याचं माप) थोडी कमी होते, आणि तिची भरपाई परिसराला उष्णता देऊनच करावी लागते. सगळ्या विश्वाची मिळून एन्ट्रॉपी घटू शकत नाही, हा थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम इथे सेलच्या हिशेबात शिरतो.

या सहा-सात किलोज्यूलने एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या शास्त्रज्ञांना चकवलं होतं. क्रियेची सगळी उष्णता विजेत बदलते असं धरून व्होल्ट काढावेत, असा तेव्हाचा विचार. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५१ मध्ये डॅनियलच्या सेलसाठी तसाच हिशेब केला. आजच्या आकड्यांनी तो केला तर १.१३ व्होल्ट येतात, प्रत्यक्षातल्या १.१० च्या इतके जवळ की हिशेब बरोबर आहे असंच वाटावं. नेमका हाच सेल असा निघाला, की ज्यात एन्ट्रॉपीचा वाटा फार लहान आहे. दुसऱ्या सेलवर हा हिशेब फसतो. मग गिब्ज यांच्या मांडणीने आणि १८८२ मध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या कामाने उलगडा झाला की व्होल्ट उष्णतेशी नव्हे, मुक्त ऊर्जेशी बांधलेले आहेत.

यातून एक सुंदर गोष्ट निघते. सेलचं तापमान थोडं बदलून व्होल्ट किती बदलतात ते पाहिलं, की क्रियेची एन्ट्रॉपी कळते. डॅनियलच्या सेलचे व्होल्ट एका अंशामागे सुमारे ०.१ मिलिव्होल्टने घटतात, कारण एन्ट्रॉपी घटते. शिशाच्या बॅटरीत उलट आहे: प्रत्येक कप्प्याचे व्होल्ट अंशामागे सुमारे ०.२ मिलिव्होल्टने वाढतात. म्हणजे ती बॅटरी अगदी सावकाश रिकामी केली तर ती आसपासची थोडी उष्णता शोषून घेते, आणि रासायनिक क्रियेच्या उष्णतेपेक्षा जास्त वीज देते. हे फुकटचं नाही. जास्तीची ऊर्जा परिसराच्या उष्णतेतून येते. प्रत्यक्षात बॅटरी वापरताना गरम लागते ती तिच्या आतल्या रोधामुळे. तो परिणाम इतका मोठा असतो की हा बारीक गारवा त्याच्याखाली दबून जातो.

बेरीज कशाची करायची

विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त गफलत जिथे होते, तिथे थोडं थांबू. समीकरणाला दोनने गुणलं तर व्होल्टही दोनने गुणायचे का? नाही. जस्त दुप्पट घेतलं तर इलेक्ट्रॉन दुप्पट, ऊर्जा दुप्पट, पण भारामागची ऊर्जा तीच. भिंतीवरच्या घड्याळातला बारीक सेल आणि मोठ्या टॉर्चमधला जाडजूड सेल दोन्ही दीड व्होल्टचे असतात ते याच कारणाने. मोठ्यात माल जास्त, म्हणून तो जास्त दिवस चालतो.

पण मग दोन अर्ध्या क्रिया जोडून तिसरी अर्धी क्रिया बनवायची असेल तर? लोखंडच घेऊ. तीन भारांचा लोखंडी आयन एक इलेक्ट्रॉन घेऊन दोन भारांचा होतो: विभव अधिक ०.७७. दोन भारांचा आयन दोन इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतो: उणे ०.४४. तर तीन भारांच्या आयनापासून थेट धातूपर्यंतचं विभव किती? बेरीज करून ०.३३ लिहिलं तर चूक. बेरीज ऊर्जेची करायची. पहिल्या टप्प्याला एक गुणिले ०.७७, दुसऱ्याला दोन गुणिले उणे ०.४४, मिळून उणे ०.११, आणि हे तीन इलेक्ट्रॉनांत वाटलं की उणे ०.०४ व्होल्ट. बरोबर उत्तर हे. चिन्हसुद्धा बदललं, बघा. मुक्त ऊर्जा ही खरी मोठी राशी, व्होल्ट हा तिचा दर. दरांची बेरीज करून एकूण हिशेब लागत नाही. पूर्ण सेलमध्ये वजाबाकी चालते, कारण तिथे दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सारखेच असतात.

चुना पडल्यावर काय बदलतं

प्रमाण विभवाचे आकडे ठरावीक संहतीचे, आणि शंभर लिटरला एक किलो मोरचूद हे काही ते प्रमाण नाही. संहती बदलली की विभव किती बदलतं, हे वॉल्थर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये सांगितलं. (त्यांना रसायनशास्त्राचं १९२० चं नोबेल मिळालं.) त्यांच्या समीकरणाचा अर्थ असा: संहती दहापट बदलली की २५ अंशाला विभव ०.०५९ व्होल्ट भागिले इलेक्ट्रॉनांची संख्या इतकंच बदलतं. तांब्यासाठी दोन इलेक्ट्रॉन, म्हणून दहापटीला फक्त ०.०३ व्होल्ट. निसर्ग इथे फार कंजूष आहे.

शंभर लिटरला एक किलो मोरचूद म्हणजे लिटरला सुमारे ०.०४ मोल. तांब्याचं विभव ०.३४ वरून ०.३० वर येतं. आता चुना टाकला. तांबं हायड्रॉक्साइडसारख्या न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात बांधलं गेलं, आणि मोकळे आयन अगदी थोडे उरले. समजा ते दहा लाख पटींनी कमी झाले. दहाच्या सहा पायऱ्या, प्रत्येकी ०.०३, म्हणजे ०.१८ व्होल्टची घट. विभव आलं ०.१२ वर. लोखंड अजूनही खाली, उणे ०.४४ वर. दिशा बदललीच नाही!

मग पातं कोरं का निघतं? याच ठिकाणी या शास्त्राची मर्यादा नीट समजते. विभव सांगतं की क्रिया कोणत्या दिशेने जाऊ शकते. ती किती वेगाने जाईल, यावर ते एक अक्षर बोलत नाही. चुना पुरेसा पडल्यावर पात्यापर्यंत पोचणारे तांब्याचे आयन इतके विरळ असतात की घडीभरात डोळ्यांना दिसेल असा थर बसत नाही. शिवाय चुन्याने द्रावणाचा सामू (पीएच) वाढलेला असतो, आणि अशा पाण्यात लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, राखणारा पापुद्रा धरतो. चाचणी विभवाची नसून मोकळ्या तांब्याच्या साठ्याची आहे, आणि म्हणूनच ती शेतकऱ्याच्या कामाची आहे.

लोखंड-तांब्याची ही क्रिया खरोखर उलटी फिरवायची तर काय लागेल, हेही याच समीकरणातून निघतं. ०.७८ व्होल्टचा फरक पुसून टाकायला तांब्याच्या एका आयनामागे लोखंडाचे आयन एकावर २६ शून्यं इतके हवेत. कोणत्याही ड्रममध्ये ते शक्य नाही. व्होल्टमध्ये किरकोळ वाटणारा आकडा समतोलात असा अफाट होतो.

खारपाण पट्ट्यातले पाइप

दिशा आणि वेग यांचा हा भेद ज्यांना रोज भोगावा लागतो, ते म्हणजे पूर्णा खोऱ्यातले शेतकरी. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला खारपाण पट्टा. जमिनीतलं पाणी खारट. तिथे लोखंडी पाइप आणि मोटारीचे नट-बोल्ट लवकर खातात. साध्या गोड्या पाण्यातही लोखंड आणि विरघळलेला प्राणवायू यांच्यातला फरक मोठाच असतो: सामू ७ ला प्राणवायूचं विभव अधिक ०.८१, लोखंडाचं उणे ०.४४, म्हणजे सव्वा व्होल्ट. भिजलेल्या पाइपावर सव्वा व्होल्टचा सेल शॉर्ट होऊन पडलेला असतो. खाऱ्या पाण्याने हा आकडा फारसा वाढत नाही. वाढते ती पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता, म्हणजे पाइपाच्या एका भागातून दुसऱ्या भागापर्यंतचं मंडल सहज पूर्ण होतं. आणि क्लोराइडचे आयन लोखंडावरचा राखणारा पापुद्रा जागोजाग फोडतात. ऊर्जा तितकीच, वाट मोकळी.

लोखंडी पाइपाला थेट पितळी व्हॉल्व्ह जोडला की जोडाजवळचं लोखंड आधी जातं, कारण तांब्याचा अंश असलेली पितळ विभवाने वर आहे आणि लोखंड खाली. काटेरी तारेवरचं जस्त मात्र उलट काम करतं. तार खरवडली, लोखंड उघडं पडलं, तरी शेजारचं जस्त स्वतः विरघळून लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवत राहतं. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये याच तत्त्वाने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे लावून पाहिले होते. आणि यादीत जस्ताच्याही कितीतरी खाली असलेलं ॲल्युमिनियम? ते पाण्यात उकळतं, कढईत तापतं, तरी टिकतं. पुन्हा तोच पापुद्रा: त्याचा ऑक्साइड इतका घट्ट बसतो की उणे १.६६ ची सगळी तयारी आत कोंडून राहते.

फवारणी पंपाची बॅटरी

पाठीवरच्या बॅटरीच्या पंपात बहुधा १२ व्होल्ट ८ एएचची (अँपियर-तासांची) शिशाची बॅटरी असते. (हल्ली लिथियमच्याही येतात.) शिशाच्या बॅटरीचा शोध गॅस्टन प्लांते यांचा, १८५९ मधला. एका पट्टीवर शिसं, दुसरीवर लेड डायॉक्साइड, मध्ये गंधकाम्ल. वापरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट बसतं, आम्ल खर्च होतं आणि पाणी तयार होतं. एका बाजूचं विभव अधिक १.६९, दुसरीचं उणे ०.३६, फरक २.०५. बॅटरीतलं आम्ल प्रमाण संहतीपेक्षा तीव्र असतं, म्हणून भरलेल्या कप्प्याचे २.१ च्या आसपास, आणि सहा कप्प्यांचे मिळून १२.७.

८ एएच म्हणजे २८,८०० कूलोम, सुमारे ०.३ मोल इलेक्ट्रॉन. त्यासाठी प्रत्येक कप्प्यात जवळपास ३१ ग्रॅम शिसं आणि ३६ ग्रॅम लेड डायॉक्साइड खर्ची पडतं. सहा कप्प्यांचं मिळून चारशे ग्रॅम. बॅटरी याहून कितीतरी जड असते, कारण जाळी, आम्ल, पेटी, आणि क्रियेत न आलेलं शिसंही तिच्यात असतं.

बॅटरी किती भरली आहे हे व्होल्टवरून कळतं ते नर्न्स्ट यांच्या समीकरणामुळेच. आम्ल खर्च होत जातं तसं विभव उतरतं: भरलेली सुमारे १२.७, अर्धी १२.२, रिकामी ११.९ च्या आसपास. पंप चालू असताना घेतलेला आकडा मात्र फसवा. तेव्हा आतल्या रोधात व्होल्टचा काही भाग खर्च होत असतो. पंप बंद करून काही तास बॅटरी तशीच ठेवावी आणि मग मीटर लावावा. तेव्हा दिसतो तो मुक्त ऊर्जेचा आकडा. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटरीला ही युक्ती लागू पडत नाही. तिच्यात क्रियेचा मोठा भाग दोन घन रूपांमध्ये चालतो, त्यांची संहती बदलत नाही, आणि प्रत्येक सेल बराच काळ ३.२-३.३ व्होल्टवरच राहतो, मग अचानक कोसळतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. २५ वरून ४५ ला गेल्यावर कप्प्याच्या विभवात फरक पडतो तो चार मिलिव्होल्टचा, म्हणजे नगण्य. पण बॅटरीच्या आत नको असलेल्या ज्या क्रिया सावकाश चालू असतात, पट्ट्यांची झीज, आपोआप उतरणं, त्यांचा वेग उष्णतेने वाढतो. दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं, असा शिशाच्या बॅटरीचा ढोबळ नियम आहे. बॅटरी गोठ्याच्या पत्र्याखाली न ठेवता घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी.

आता एक कोडं. पाण्याचे हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळे करायला १.२३ व्होल्ट पुरतात. शिशाच्या कप्प्यात तर २.१ आहेत. मग बॅटरीतलं पाणी उभ्या उभ्या फुटून का जात नाही? थर्मोडायनॅमिक्सच्या हिशेबाने ते फुटायलाच हवं. ते टिकतं ते शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होण्याची क्रिया कमालीची मंद असते म्हणून. चार्जर लावून प्रत्येक कप्पा २.४ व्होल्टपर्यंत चढवला की मात्र बुडबुडे सुरू होतात. बाहेर पडतो तो हायड्रोजन आणि प्राणवायू. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने भडका उडू शकतो, म्हणून चार्जिंग उघड्या जागी करावं, आणि तिथे बिडी पेटवू नये.

ट्रॅक्टरच्या बॅटरीत झाकण उघडून पाणी घालावं लागतं ते याच कारणाने, आणि तिथे विहिरीचं पाणी का चालत नाही याचंही उत्तर त्या विभवांच्या यादीत आहे. विहिरीच्या पाण्यात थोडं लोखंड असतंच. तीन भारांच्या आणि दोन भारांच्या लोखंडी आयनांमधलं विभव अधिक ०.७७, म्हणजे बॅटरीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये: एक पट्टी अधिक १.६९ वर, दुसरी उणे ०.३६ वर. लोखंडाचा आयन वरच्या पट्टीपाशी जातो, तिला एक इलेक्ट्रॉन देतो, तीन भारांचा होतो. मग तरंगत खालच्या पट्टीपाशी येतो, तिथून एक इलेक्ट्रॉन घेतो, पुन्हा दोन भारांचा होतो. आणि परत निघतो. लोखंड स्वतः खर्च होत नाही, म्हणून चिमूटभर लोखंडही या फेऱ्या महिनोन् महिने मारत राहतं. बाहेर काहीही जोडलेलं नसताना बॅटरी आतल्या आत उतरत जाते. एकदा आत गेलेलं लोखंड बाहेर काढायचा सोपा मार्ग नाही. पाणी डिस्टिल्डच घाला.